शाळागृहांचा जीर्णोद्धार आणि त्याची खरी परीक्षा

महाराष्ट्रातील ज्ञातिसंस्थांच्या गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास कोणी लिहावयास घेतला, तर त्याचा फार मोठा भाग विद्यार्थ्यांच्या निवाऱ्याच्या हकीकतीने व्यापला जाईल. १९०१ साली कोल्हापुरात शाहू छत्रपतींच्या प्रेरणेने व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्यामागोमाग जैन, लिंगायत, मुसलमान, दैवज्ञ, नामदेव शिंपी आदी समाजांची वसतिगृहे निघाली, आणि १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतील मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उघडले गेले. हे उदाहरण पाहून ठिकठिकाणच्या समाजधुरीणांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे जागा मिळविल्या, वर्गण्या गोळा केल्या आणि शाळा व वसतिगृहे उभी केली. आज आपल्या घरांत जे शिक्षण दिसते, त्याचा पाया त्या इमारतींत घातला गेला, हे निराळे सांगावयास नको.

त्या इमारती आता वृद्ध झाल्या आहेत. कौले बदलली, वासे वाळवीने खाल्ले, भिंतींना ओल आली. साहजिकच ज्या संस्थेचा अहवाल उघडावा त्यात नूतनीकरणाचा विषय असतोच. निधी जमतो, नकाशे होतात, जुन्या फरशीच्या जागी नवी फरशी येते, कोनशिलेवर दात्यांची नावे कोरली जातात, समारंभ होतो आणि काम पुरे झाले असे आपण समजतो. मंदिराच्या जीर्णोद्धारात कळस चढला म्हणजे कार्य सिद्धीस गेले, ही आपली जुनी समजूत शाळागृहासही आपण नकळत लावतो. वस्तुतः शाळागृहाची परीक्षा कळस चढल्यानंतर सुरू होते. जमाखर्च तपासावयास हिशेबतपासनीस येतो. परंतु ज्यांच्यासाठी तो खर्च केला, त्यांस त्या वास्तूचा उपयोग कसा होतो हे तपासावयास कोणीच येत नाही.

हा प्रश्न आपणांपुढेच आलेला आहे असे नाही. जगातील अनेक देशांनी शाळा बांधल्या, सुधारल्या, पुन्हा सुधारल्या. आणि त्यांतील काही थोड्या विचारवंतांनी परत मागे जाऊन मुलांना व शिक्षकांना विचारले की, ही वास्तू तुम्हांस मानवते काय? त्या विचारण्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. त्यातील काही प्रकरणे आम्ही येथे ज्ञातिबांधवांपुढे व भगिनींपुढे ठेवीत आहोत.

मुलांचे डोळे साक्षीला

या इतिहासाचे पहिले महत्त्वाचे प्रकरण शिल्पज्ञाने लिहिले नाही, एका नेत्रवैद्याने लिहिले. जर्मनीतील ब्रेस्लाऊ शहरात (हे शहर आज पोलंडमध्ये असून त्याचे नाव व्रोत्स्वाफ असे आहे) हर्मान कोन नावाच्या डॉक्टराने १०,०६० शाळकरी मुलांचे डोळे तपासले आणि १८६७ साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. खेड्यातील शाळांत ऱ्हस्वदृष्टीची मुले शेकडा दीडहूनही कमी आढळली. वरिष्ठ विद्यालयांत तेच प्रमाण शेकडा २६ पर्यंत चढले. जसजशी इयत्ता वाढे तसतसा दोष वाढे. अरुंद गल्लीत, समोरच्या उंच घरांच्या सावलीत असलेल्या शाळांतील मुलांची स्थिती अधिक वाईट होती. अंधाऱ्या खोल्या व शरीराच्या मापास न जुळणारी बाके यांवर कोन यांनी ठपका ठेवला. शाळागृहाविषयीचा निकाल द्यावयाचा तर मुलाच्या देहाची साक्ष काढावी, हा विचार येथे स्पष्टपणे पुढे आला.

याच सुमारास इंग्लंडात १८७० चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि लंडनमध्ये शाळामंडळ स्थापन झाले. त्या मंडळाचे शिल्पज्ञ इ. आर. रॉबसन यांनी युरोपातील शाळा अभ्यासून १८७४ साली शाळागृहांच्या रचनेवर ग्रंथ लिहिला. लिहिणाऱ्या हाताची सावली कागदावर पडू नये म्हणून उजेड मुलाच्या डाव्या बाजूने यावा, हा जो दंडक पुढे जगभर रूढ झाला, त्याचा त्यांनी आग्रह धरला. लंडनच्या गरीब वस्त्यांत त्यांच्या तीन मजली, उंच खिडक्यांच्या शाळा आजही उभ्या आहेत. उजेडाच्या दृष्टीने त्या चांगल्या होत्या. तथापि खिडक्यांची खालची कड पुष्कळदा मुलांच्या डोळ्यांहून वर असे, म्हणजे उजेड आत येई पण मुलास बाहेरचे झाड दिसत नसे.

पुढच्या पिढीने आणखी एक दोष हेरला. मध्ये मोठे दालन आणि त्याभोवती वर्ग, अशी रचना त्या काळी प्रतिष्ठेची मानली जात होती. स्टॅफर्डशायर परगण्याचे आरोग्याधिकारी जॉर्ज रीड यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या रचनेवर कडक टीका केली. वर्गाची एक बाजू दालनास चिकटलेली असल्यामुळे वारा आरपार वाहत नाही आणि मुले एकमेकांच्या श्वासातच बसून राहतात, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांच्या आग्रहामुळे दोन्ही बाजूंस खिडक्या असलेल्या एकमजली, पडवीच्या शाळा तेथे बांधल्या जाऊ लागल्या. १९०४ साली बर्लिनजवळ शार्लोटेनबुर्ग येथे अशक्त मुलांसाठी झाडीत उघड्यावरची शाळा निघाली, तीही याच विचारप्रवाहातली.

कोन यांचे कार्यकारणाचे विवेचन पुढे सर्वांशी टिकले नाही. केवळ अंधारामुळे किंवा बाकामुळे दृष्टी बिघडते, एवढे सरळ हे गणित नाही. चीनमधील ग्वांगचौ शहरात बारा प्राथमिक शाळांत तीन वर्षे एक प्रयोग झाला व त्याचे फलित २०१५ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या शाळांत मुलांना रोज चाळीस मिनिटे अधिक काळ बाहेर उजेडात नेले. त्या शाळांत नव्याने ऱ्हस्वदृष्टी आलेल्या मुलांचे प्रमाण शेकडा ३०.४ राहिले, इतर शाळांत ते ३९.५ झाले. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच्या डॉक्टराचा संशय योग्य दिशेने होता. मात्र औषध वर्गाच्या खिडकीइतकेच शाळेच्या अंगणात होते. नूतनीकरणाच्या नावाखाली अंगणाचा बळी देऊन खोल्या वाढविणाऱ्या प्रत्येक संस्थेने हे आकडे डोळ्यांपुढे ठेवावेत.

परत जाण्याची रीत

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडला पुन्हा मोठ्या संख्येने शाळा उभारणे भाग पडले. हर्टफर्डशायर परगण्यातील तरुण शिल्पज्ञांनी, आणि पुढे शिक्षणखात्याच्या शिल्पविभागाने, एक नवी शिस्त घातली. मेरी मेड व डेव्हिड मेड हे दांपत्य त्यांत अग्रगण्य होते. नकाशा काढण्यापूर्वी वर्गात तासन्‌तास बसून मुले काय करतात, कोठे गर्दी होते, हात धुण्याचे भांडे किती उंचीवर हवे, हे पाहावयाचे; आणि शाळा सुरू झाल्यावर तेथे परत जाऊन आपला अंदाज कोठे चुकला तेही पाहावयाचे. १९४९ पासून निघालेल्या सरकारी पत्रिकांतून हा अनुभव सर्वांसाठी छापला जात असे.

१९६३ साली ब्रिटिश शिल्पज्ञांच्या राजमान्य संस्थेने बांधकामाच्या टप्प्यांचा जो क्रम ठरवून दिला, त्यात अगदी शेवटचा टप्पा 'परतीची खबर' घेण्याचा होता. इमारत वापरात आल्यावर शिल्पज्ञाने परत जाऊन तिची विचारपूस करावी, असा त्याचा अर्थ. परंतु या कामाची फी द्यावयास मालक तयार नसत, आणि दोष निघाल्यास आपल्याच अंगावर येतील ही शिल्पज्ञांची भीती होती. सत्तरीच्या दशकाच्या आरंभी तो टप्पा त्या क्रमातून गळला. चांगली रीत कागदावर आल्यानेच टिकते असे नाही, तिला खर्चाची तरतूद व टीका ऐकण्याची तयारी लागते, हेच यावरून दिसते.

काहींनी तरीही विचारणे सोडले नाही. लिव्हरपूलजवळ वॉलसी येथे एम्स्ली मॉर्गन यांनी १९६१ साली एक शाळा बांधली. तिची दक्षिणेकडील सबंध भिंत दुहेरी काचेची होती. सूर्याच्या उष्णतेने शाळा उबदार राहावी ही कल्पना. उष्णतेसाठी बसविलेल्या यंत्राची गरज क्वचितच लागली, त्यामुळे या शाळेचा सर्वत्र गवगवा झाला. लिव्हरपूल विद्यापीठाच्या अभ्यासकांनी मोजमाप केले तेव्हा आढळले की, उबेत सूर्याचा वाटा होताच, पण दिव्यांचा आणि खुद्द मुलांच्या शरीरांचाही वाटा मोठा होता. आणि ती ऊब टिकावी म्हणून हवा फारशी बदलू दिली जात नसल्याने खोल्या कोंदट वाटत. इमारतीची कीर्ती आणि आत बसणाऱ्याचा अनुभव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचे हे बोलके उदाहरण होय. १९६७ साली ग्लासगो येथील स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात टॉमस मार्कस यांच्या नेतृत्वाखाली इमारतींच्या कामगिरीचा अभ्यास करणारे पथकच स्थापन झाले. त्याने स्कॉटलंडमधील शाळांचा अभ्यास करून १९७२ साली ग्रंथ प्रसिद्ध केला.

आगगाडीच्या बाजूचे वर्ग

आता आम्ही ज्या प्रकरणाकडे वळत आहोत, ते आमच्या मते या साऱ्या इतिहासाचे सार होय. न्यूयॉर्क शहराच्या मॅनहॅटन भागात उत्तरेकडे 'पब्लिक स्कूल ९८' नावाची सार्वजनिक शाळा आहे. तिच्या एका बाजूने उंच खांबांवरील आगगाडीचा मार्ग जातो. शाळेच्या वेळात दर साडेचार मिनिटांनी गाडी जात असे, आणि त्या बाजूच्या वर्गांत आवाज ८९ डेसिबलपर्यंत चढे. शिक्षक बोलणे थांबवीत, गाडी गेल्यावर पुन्हा सूत्र पकडीत. पालकांच्या तक्रारी होत्या, पण तक्रार हा पुरावा मानला जात नाही.

या शाळेत ज्यांचे मूल शिकत होते अशा एका विद्यार्थिनीने ही हकीकत आपल्या प्राध्यापिका आर्लीन ब्रॉन्झाफ्ट यांच्या कानावर घातली. पालक न्यायालयात जाण्याच्या विचारात होते. ब्रॉन्झाफ्ट यांनी एक अत्यंत साधी तुलना केली. एकाच शाळेतील, एकाच इयत्तेतील, पण इमारतीच्या दोन विरुद्ध बाजूंस बसणाऱ्या मुलांच्या वाचनाच्या परीक्षांचे गुण त्यांनी ताडून पाहिले. शांत बाजूची मुले पुढे होती. वरच्या इयत्तेत गोंगाटाच्या बाजूची मुले वाचनात जवळजवळ एक वर्ष मागे पडलेली आढळली. १९७५ साली हा निबंध प्रसिद्ध झाला. ज्या मुलाला आपण मंद म्हणत होतो, ते केवळ चुकीच्या भिंतीजवळ बसले होते!

पुरावा हाती आल्यावर अधिकाऱ्यांस हलावे लागले. वाहतूक खात्याने रुळांखाली रबरी गाद्या बसविल्या आणि शिक्षणमंडळाने सर्वांत गोंगाटाच्या वर्गांना आवाज शोषणारी छते करून दिली. इमारत पाडली नाही, नवी बांधली नाही, दर्शनी भागास रंग दिला नाही. आवाज संपला नाही, पण कमी झाला. यानंतर ब्रॉन्झाफ्ट पुन्हा त्या शाळेत गेल्या, तीच तुलना पुन्हा केली, आणि १९८१ साली दुसरा निबंध प्रसिद्ध केला. दोन्ही बाजूंच्या मुलांच्या वाचनातील तफावत नाहीशी झाली होती.

सुज्ञ वाचकांनी या प्रकरणातील क्रम ध्यानात घ्यावा. दुरुस्तीपूर्वी मोजमाप झाले. म्हणूनच नेमका दोष कळला. दोष कळला म्हणून खर्च योग्य जागी झाला. आणि दुरुस्तीनंतर पुन्हा मोजमाप झाले. म्हणूनच तो खर्च सार्थकी लागला हे छातीठोकपणे सांगता आले. या तिहींपैकी एक कडी जरी तुटली असती, तरी न्यूयॉर्ककरांनी कदाचित शाळेस नवे प्रवेशद्वार बांधले असते आणि मुले मागेच राहिली असती. पुढे जर्मनीतील म्युनिक शहराचा जुना विमानतळ १९९२ साली बंद होऊन तो दुसरीकडे गेला, तेव्हाही अभ्यासकांस असाच अनुभव आला. जुन्या विमानतळाजवळच्या मुलांचे वाचन व स्मरण सुधारले, आणि नव्या विमानतळाजवळच्या मुलांचे खालावले.

उत्तर मिळाले तरी विचारणे थांबवू नये

परीक्षेच्या मार्गात घाईचा धोकाही आहे. १९९९ साली अमेरिकेतील हेशाँग माहोन या अभ्यासगटाने कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन व कोलोरॅडो या राज्यांतील तीन शाळाविभागांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी कॅलिफोर्नियातील विभागात भरपूर दिवसाचा उजेड असलेल्या वर्गांतील मुलांची प्रगती एका वर्षात गणितात शेकडा २० आणि वाचनात शेकडा २६ अधिक वेगाने झाल्याचे आढळले. या आकड्यांनी मोठी खळबळ उडाली. त्याच गटाने पुढे २००३ साली फ्रेस्नो येथील शाळा तपासल्या, तेव्हा मात्र तोच निष्कर्ष जसाच्या तसा मिळाला नाही. उजेडाबरोबर डोळे दिपविणारी तिरीप, बाहेरचा गोंगाट आणि हवेची स्थिती यांचाही विचार करावा लागतो असे दिसून आले. अभ्यासकांनी हे लपविले नाही, हे त्यांस भूषणावह आहे. नुसत्या खिडक्या मोठ्या केल्याने काम भागत नाही. त्या खिडकीतून दुपारचे ऊन फळ्यावर पडते की नाही, हे तेथे बसूनच पाहावे लागते.

इंग्लंडातील सॅल्फर्ड विद्यापीठाचे पीटर बॅरेट व त्यांचे सहकारी यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत अधिक विस्तृत आहे. २७ प्राथमिक शाळांतील १५३ वर्गखोल्या आणि ३,७६६ मुले त्यांनी अभ्यासिली. मुलांच्या वार्षिक प्रगतीत जो फरक पडतो, त्यातील शेकडा १६ इतका भाग वर्गखोलीच्या भौतिक गुणांशी जोडता येतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्यातील जवळजवळ निम्मा प्रभाव उजेड, उष्णतामान आणि शुद्ध हवा या तीन गोष्टींचा. विशेष म्हणजे सबंध शाळेची भव्यता किंवा सोयी यांपेक्षा ज्या एका खोलीत मूल वर्षभर बसते तिचा परिणाम अधिक आढळला. भिंतींवर काहीच नसणे जसे वाईट, तसा चित्रांचा व रंगांचा अतिरेकही वाईट, असेही त्यांस दिसले. आपल्याकडील 'बोलक्या भिंती' रंगविणाऱ्यांनी हे अवश्य लक्षात घ्यावे. भिंती बोलक्या असाव्यात, पण शिक्षकांस बोलू देण्याइतक्या तरी त्या मितभाषी असाव्यात.

पैसा फार, विचारणा थोडी

ज्या देशात हे ज्ञान जमले, त्याच देशात त्याकडे दुर्लक्षही झाले. इंग्लंडच्या सरकारने २००४ साली सर्व माध्यमिक शाळा नव्याने बांधण्याची किंवा सुधारण्याची प्रचंड योजना हाती घेतली. सुमारे ३,५०० शाळा आणि सुमारे ५५ अब्ज पौंड, असा तिचा पसारा होता. जुलै २०१० मध्ये सरकार बदलल्यावर ती बंद करण्यात आली. तिचा आढावा घेणाऱ्या सेबॅस्टियन जेम्स यांच्या २०११ च्या अहवालाने दाखविले की, पूर्ण झालेल्या इमारतींपासून धडा घेऊन पुढची इमारत सुधारण्याची रीतच तिच्यात नीट बसविलेली नव्हती. प्रत्येक शाळा जणू पहिलीच शाळा, अशा थाटात कामे झाली.

पोर्तुगालने २००७ साली 'पार्के एस्कोलार' नावाची सरकारी संस्था काढून जुन्या माध्यमिक शाळांचे नूतनीकरण आरंभिले. कित्येक जुन्या, देखण्या इमारती खरोखरच उत्तम रीतीने दुरुस्त झाल्या, ग्रंथालये व प्रयोगशाळा आल्या. पण अनेक ठिकाणी हवेसाठी जी यांत्रिक व्यवस्था बसविली, तिच्या विजेचे बिल शाळांस परवडेना. तेव्हा शाळांनी ती यंत्रे बंद ठेवावयास किंवा मोजकीच चालवावयास आरंभ केला. हवा येण्यासाठी बांधलेली व्यवस्था हवेवाचून राहिली. देणगी एकदाच मिळते, बिल दर महिन्यास येते, हे सूत्र लिस्बनपासून लातूरपर्यंत सारखेच लागू आहे.

आपल्याकडील हिशेब

भारतात या विषयाची जाण नव्हती असे नाही. आशियातील देशांसाठी युनेस्कोच्या साहाय्याने शाळागृह-संशोधनाची एक संस्था १९६२ साली इंडोनेशियात बांडुंग येथे निघाली व पुढे ती कोलंबोस हलविण्यात आली. परंतु आपल्या राज्यव्यवहारात मुख्य भर राहिला तो 'आहे की नाही' या नोंदीवर. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, अपंगांस अडथळा नसलेला मार्ग, मैदान, कुंपण अशी यादी त्या कायद्याने घालून दिली. ही यादी अत्यंत आवश्यक होती, आणि तिच्यामुळे पुष्कळ सुधारणा झाली. तथापि नोंदवहीत 'आहे' असे लिहिलेली वस्तू मुलास उपयोगी पडते काय, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

स्वच्छतागृहाचेच उदाहरण घ्यावे. शतकाच्या आरंभी भारत सरकारने शाळांतून स्वच्छतागृहे बांधण्याची जी मोहीम चालविली, तिचा अंजली अदुकिया यांनी केलेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. लहान मुलांच्या बाबतीत कोणतेही स्वच्छतागृह झाल्यास पटसंख्या वाढली. पण वयात आलेल्या मुलींच्या बाबतीत ते त्यांच्यासाठी स्वतंत्र असेल तरच फरक पडला. बांधकामाच्या हिशेबात दोन्ही स्वच्छतागृहे सारखीच. मुलीच्या दृष्टीने एक म्हणजे शाळा चालू राहणे आणि दुसरे म्हणजे शाळा सुटणे. आणि स्वतंत्र असूनही त्याची किल्ली कार्यालयाच्या कपाटात असेल, तर ते नसल्यासारखेच.

आपल्या भागातील जुन्या शाळागृहांत काही गुण होते, तेही नूतनीकरणात जपले पाहिजेत. उंच छत, छतालगतचे झरोके, जाड भिंती, पुढे ओसरी, अंगणात झाड. वैशाखातले ऊन आणि आषाढातला पाऊस यांचा अनुभव घेऊनच त्या पिढीने ही रचना ठरविली होती. आज आपण झरोक्यांवर माळा काढतो, ओसरी बंद करून खोली करतो, कौले उतरवून पत्रा घालतो आणि मग उकाडा होतो म्हणून पंखे लावतो. पंख्यांचा आवाज आणि पत्र्यावरचा पाऊस यांत शेवटच्या बाकावरील मुलास काय ऐकू येते, याचा विचार करावयास न्यूयॉर्कला जावे लागत नाही.

करावयाचे काय?

आमची सूचना साधी आहे आणि तिला खर्च जवळजवळ नाही. कोणत्याही शाळेचे किंवा वसतिगृहाचे नूतनीकरण करण्यापूर्वी, ते झाल्यावर एका वर्षाने, आणि पुन्हा तीन वर्षांनी, त्या वास्तूत राहणाऱ्यांस विचारावे. विद्यार्थी, शिक्षक, अधीक्षक यांच्याबरोबरच शिपाई, स्वयंपाकघरातील मावशी आणि झाडलोट करणारी माणसे यांसही विचारावे. इमारतीची खरी ओळख पुष्कळदा त्यांनाच असते. मुलांची उत्तरे नावाशिवाय घ्यावीत, म्हणजे ती निर्भयपणे देतील.

प्रश्न मोजकेच असावेत. सकाळी दहास आणि दुपारी तीनास शेवटच्या बाकावरून फळा दिसतो काय? मुसळधार पावसात शिक्षकांचे शब्द कळतात काय? एप्रिलच्या दुपारी खोलीत किती वेळ लक्ष लागते? खिडकी उघडण्याचा अधिकार कोणास आहे? पाय अधू असलेला मुलगा कोणाच्या मदतीशिवाय वर्गापर्यंत पोहोचतो काय? रात्री अभ्यासिकेत सर्वांस उजेड पुरतो, की दिव्याखालच्या जागेसाठी चढाओढ असते? आणि मुलींस खाजगीत, शिक्षिकेमार्फत, एवढे विचारावे की, शाळेत जावे लागू नये म्हणून त्या सकाळपासून पाणी पिणे टाळतात काय? या एका प्रश्नाचे उत्तर 'होय' असे आले, तर आपल्या संगमरवरी फरशीस काही अर्थ उरत नाही.

यावर कोणी म्हणेल की, अशी विचारपूस करणे हा दात्यांचा अवमान होय. ज्यांनी उदार हस्ते दिले त्यांच्या इमारतीचे दोष काढावयाचे हे शोभत नाही. आम्हांस हा आक्षेप मान्य नाही. दात्याने पैसा दिला तो दगडविटांसाठी दिला नाही, मुलांसाठी दिला. कोनशिलेवर ज्यांचे नाव आहे, त्या वडिलांची इच्छा पुरी झाली की नाही हे पाहणे म्हणजेच त्यांचा खरा मान राखणे. शिवाय पुष्कळदा दोष दूर करावयास लागणारी रक्कम अगदी थोडी असते: एक झरोका मोकळा करणे, फळ्याची जागा बदलणे, दाराला कडी बसविणे, पत्र्याखाली छत घालणे. अशा लहान दुरुस्तीवर कोणाचे नाव कोरले जात नाही, म्हणून ती राहून जाते. आमच्या मते हाच आपल्या जीर्णोद्धारातील सर्वांत मोठा दोष होय. जे दिसते त्यास देणगीदार मिळतो, आणि जे मुलास लागते ते अर्जाच्या फाइलीत पडून राहते.

पूर्वजांनी एका पिढीत जे केले ते सोपे नव्हते. त्यांस इमारत नव्हती, म्हणून त्यांनी ती उभारली. आपणांस इमारत आहे; तिच्यात बसणाऱ्या मुलाचे म्हणणे ऐकण्याचे काम आपल्या वाट्यास आले आहे. आपल्या वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पानाशेजारी आणखी एक पान घालावे, आणि त्यावर विद्यार्थ्यांनी आपल्या वास्तूविषयी दिलेली उत्तरे जशीच्या तशी छापावीत. खाली कार्यकारी मंडळाने त्या वर्षी त्यांपैकी काय दुरुस्त केले ते लिहावे. पुढील अधिवेशनात सभासदांनी ते पान प्रथम उघडावे, एवढीच आमची सर्वांस विनंती आहे.